सुटी केलेली बंदूक पुन्हा जोडताना

अर्धस्वयंचलित बारा बोरची बंदूक सुटी करणे अवघड नाही. टोपण फिरवले की नळी हाती येते, दोन पिना ढकलल्या की चापाचा संच खाली उतरतो, बोल्टाची मूठ ओढून काढली की बोल्ट पुढे सरकत बाहेर पडतो. अवघड आहे ते तिला पुन्हा जोडणे. सुटी करताना आतल्या स्प्रिंगा आपणहून मोकळ्या होतात आणि काम पुढे ढकलतात. जोडताना त्याच स्प्रिंगा हाताविरुद्ध काम करतात. शिवाय बाहेर येणारा भाग कुठूनही बाहेर येऊ शकतो, पण आत जाताना त्याला एकच नेमकी जागा असते आणि ती जागा बहुधा डोळ्यांना दिसत नाही. पहिल्यांदा बंदूक उघडणारा माणूस अडतो तो याच ठिकाणी.

नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव, नरसी, कुंटूर या भागात परवान्याची बंदूक म्हणजे बहुतेकांच्या मनात एकनळी किंवा दुनळीच येते. दुनळीचे मालकाच्या हाती तीनच भाग येतात: नळ्यांची जोडी, तिच्याखालची लाकडी पकड आणि दस्त्यासह मागचा यांत्रिक भाग. ती जोडताना चुकायला फारशी जागाच नसते. अर्धस्वयंचलित बंदुकीत मात्र रोजच्या सफाईपुरती उघडली तरी डझनभर तुकडे चादरीवर येतात, आणि त्यांतले काही उलटसुलट दोन्ही बाजूंनी बसतात. बसतात, पण एकाच बाजूने चालतात.

अशी बंदूक या भागात थोड्याच घरांत असण्याचे कारण कायद्यात आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंची, म्हणजे सुमारे 51 सेंटिमीटर लांब गुळगुळीत नळीच्या बंदुकीची तरतूद आहे. पीकरक्षणासाठी त्याच कलमात ठासणीची बंदूक सांगितली आहे आणि ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. गोदाकाठच्या उसात शिरणारी रानडुकरे आणि तूर-हरभऱ्यावर उतरणारे रोही पाहिले की ही तरतूद कुणासाठी लिहिली ते कळते. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी घ्यावी लागते. 2016 च्या शस्त्र नियमांनी अर्धस्वयंचलित बंदुका निर्बंधित वर्गात टाकल्या आहेत. त्यामुळे त्या आढळतात त्या मुख्यतः नेमबाजांकडे, आणि क्वचित जुन्या घरात आजोबांच्या काळापासून परवान्यावर चालत आलेल्या.

हा दुसरा प्रकार इथे महत्त्वाचा आहे. त्याच नियमांतला 25 वा नियम परवानाधारकाच्या निधनानंतर, किंवा त्याने वयाची सत्तर वर्षे ओलांडल्यावर अथवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगल्यावर, कायदेशीर वारसाच्या नावे परवाना देण्याची वाट मोकळी ठेवतो. वारसाला बंदूक मिळते, पण तिची माहितीपुस्तिका सहसा मिळत नाही आणि ती उघडणारा हातही गेलेला असतो. त्यातच निवडणुकीच्या आचारसंहितेत छाननी समितीच्या निर्णयानुसार बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. 2024 साली लोकसभेसाठी मार्चपासून जूनपर्यंत आणि विधानसभेसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अशी वेळ दोनदा आली. तेल न लागता महिनोन्‌महिने उभी राहिलेली बंदूक, मग ती कुठेही ठेवलेली असो, आतून कोरडी पडते आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने गंज धरते. घरी आल्यावर ती उघडावीच लागते. खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी बाहेर काढलेल्या बंदुकीचीही गोष्ट वेगळी नाही. हळदकुंकू आणि ओल्या अक्षता काडतूस निघण्याच्या खिडकीतून आत गेल्या तर बोल्टाच्या खाचांत ओल धरून बसतात. गंध दस्त्याला लावावे, यंत्राला नको. शस्त्राची पूजा आणि शस्त्राची सफाई हे दोन्ही एकत्र जपणारी परंपरा नांदेडला डोळ्यांसमोर आहे: तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानासाठी गोदावरीचे पाणी आणले जाते आणि गुरू गोविंदसिंहांची शस्त्रे स्वच्छ केली जातात.

बंदूक जोडायची तर ती चालते कशी हे आधी समजायला हवे. प्रत्येक तुकड्याची जागा त्याच्या कामावरून ठरते आणि काम कळले की जागा पाठ करावी लागत नाही. चाप ओढला की घोडा सुटतो, सुईवर आदळतो, काडतूस पेटते. त्यानंतर दुनळीत माणूस जे हाताने करतो ते सगळे इथे बंदूक स्वतः करते: बोल्टाचे कुलूप उघडणे, रिकामे काडतूस ओढून बाहेर फेकणे, घोडा पुन्हा चढवणे, नळीखालच्या मॅगझिनमधले पुढचे काडतूस उचलून नळीतल्या घरात सारणे आणि कुलूप लावणे. चाप मात्र दर वेळी नव्याने ओढावा लागतो, म्हणून ती अर्धस्वयंचलित. या कामासाठी लागणारी ताकद बंदूक कुठून घेते यावरून तिचे तीन मोठे प्रकार पडतात.

पहिला प्रकार नळीच्या धक्क्यावर चालणारा. अमेरिकेतल्या युटा प्रांताचे जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी त्याचे पेटंट 1900 मध्ये मिळवले. विंचेस्टर कंपनीशी त्यांचे जमले नाही. रेमिंग्टनच्या प्रमुखांना भेटायला ते गेले असताना त्या प्रमुखांचे हृदयविकाराने निधन झाले. अखेर बेल्जियममधल्या हेर्स्टाल येथील एफएन कारखान्याने ती बनवायला घेतली. ऑटो-5 या नावाने ओळखली जाणारी ही बंदूक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. हिच्यात नळी आणि बोल्ट एकमेकांना जखडून दोन्ही मागे जातात. बोल्ट मागे अडतो, नळी एकटी पुढे येते, रिकामे काडतूस उडते आणि मग बोल्ट पुढे येतो.

दुसरा प्रकार वायूवर चालणारा. नळीला खालून बारीक छिद्रे असतात. त्यांतून थोडा वायू मॅगझिनच्या नळीभोवतीच्या पिस्टनवर जातो आणि पिस्टन बोल्टाला मागे ढकलतो. 1963 मध्ये आलेली रेमिंग्टन 1100 हे याचे प्रसिद्ध उदाहरण. इटलीच्या बेरेटाच्या बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुका याच जातीच्या. तिसरा प्रकार जडत्वाचा आणि तो बेनेलीने रूढ केला. यात नळीला छिद्र नाही, पिस्टन नाही. बंदूक धक्क्याने मागे येते, बोल्टाचे जड धड क्षणभर जागेवर राहते, त्याच्या आणि बोल्टाच्या डोक्याच्या मध्ये असलेली आखूड कडक स्प्रिंग दाबली जाते आणि ती सुटताना बोल्टाचे कुलूप उघडते.

उघडण्यापूर्वी मॅगझिन आणि नळीतले काडतुसाचे घर दोन्ही रिकामे आहेत हे डोळ्यांनी पाहून बोटानेही चाचपावे. अर्धस्वयंचलित बंदुकीत घर रिकामे दिसले तरी मॅगझिनमधले काडतूस उचलणीवर, म्हणजे ते वर उचलणाऱ्या पट्टीवर, येऊन थांबलेले असू शकते. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. पांढरी चादर पसरून भाग निघतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडावेत, प्रत्येकाचे तोंड बंदुकीत होते त्याच दिशेला ठेवावे आणि प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढावा. क्रम लक्षात राहतो, दिशा राहत नाही. फोटो दिशेसाठी असतो. पिना आणि रबरी कड्यांसाठी परात घ्यावी, म्हणजे घरंगळल्या तरी तिच्यातच राहतात. मॅगझिनच्या नळीतली लांब स्प्रिंग काढायची असेल तर तोंड बाजूला करून, अंगठ्याने दाबून, चष्मा घालूनच काढावी. पहिल्या वेळी ती न काढणेच बरे.

किती उघडावे याचीही हद्द आहे. नळी, लाकडी पकड, पिस्टन आणि त्याची कडी, बोल्ट, चापाचा संच एवढे मालकाचे. चापाच्या संचाच्या आतल्या बारीक स्प्रिंगा, सुरक्षा-कळ, घोड्याची खाच हे कारागिराचे. बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्याच्या धंद्याला शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे वेगळा परवाना लागतो आणि कलम 6 प्रमाणे नळी आखूड करणे हा परवान्याशिवाय गुन्हा आहे. सफाईला बसलेल्या माणसाने कानस हाती घेऊ नये.

जोडणीत सर्वांत जास्त वेळ बोल्टापाशी जातो. बेरेटा, बेनेली आणि रेमिंग्टन 1100 यांच्यासारख्या अनेक बंदुकांत बोल्टाला पुढे ढकलणारी मोठी स्प्रिंग दस्त्याच्या आत एका नळीत असते. बोल्टाच्या मागच्या टोकाला एक लोंबती कडी असते. तिची शेपटी त्या नळीच्या तोंडाशी असलेल्या दट्ट्याच्या खळग्यात बसावी लागते. बोल्ट समोरून आत सरकवताना ही शेपटी खळग्याच्या वर किंवा खाली जाते आणि बोल्ट मध्येच अडतो. नवखा माणूस इथे जोर लावतो, आणि तिथेच चुकतो. अडलेला बोल्ट ठोकला तर शेपटी वाकते किंवा दट्ट्याचे तोंड चेपते आणि मग बंदूक खरोखरच कारागिराकडे न्यावी लागते. उपाय साधा आहे. चापाचा संच बाहेर असताना बंदूक उलटी धरावी, खालच्या उघड्या खिडकीतून बॅटरीचा प्रकाश टाकावा, शेपटी बोटाने किंवा लाकडी काडीने खळग्यात बसवावी आणि मग बोल्ट हळू मागे दाबावा. ती बसली असेल तर स्प्रिंगचा एकसारखा, मऊ दाब हाताला जाणवतो. बसली नसेल तर लोखंडावर लोखंड आदळल्यासारखा कडक अडथळा लागतो.

रेमिंग्टन 1100 मध्ये आणखी एक अडथळा येतो. बोल्ट आणि त्याला ढकलणाऱ्या पट्ट्या मॅगझिनच्या नळीवरून एकत्र मागे न्याव्या लागतात आणि वाटेत मॅगझिनमधली काडतुसे अडवणारी कळ आडवी येते. ती बोटाने दाबून धरली की वाट मोकळी होते. बोल्ट जागेवर आला की मूठ त्याच्या खाचेत बसवायची. ती किंचित ओढून पाहिली असता निघता कामा नये. अर्धवट बसलेली मूठ बार उडताना बाहेर फेकली जाते.

बेनेलीत बोल्टच जर उघडला असेल तर काम त्याच्यापासून सुरू होते. जडत्वाची आखूड स्प्रिंग बोल्टाच्या धडात आधी जाते, तिच्यावर डोके, मग डोके फिरवणारी आडवी पिन. या पिनेला आरपार भोक असते आणि सुई त्या भोकातून पुढे जाते. पिन पाव वळसा फिरलेली असली तर ती जागेवर बसलेली दिसते, पण सुई मध्येच थांबते. सुई, तिची स्प्रिंग आणि तिला अडवणारी लहान पिन हा शेवटचा टप्पा. तयार बोल्ट रिसीव्हरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मधल्या पेटीत, सारताना त्याचे डोके पुढे ओढलेले असावे लागते. ते आत दबले तर फिरते आणि बोल्ट शिरत नाही.

चापाचा संच बसवताना घोडा चढलेला हवा आणि सुरक्षा-कळ लावलेली हवी. घोडा पडलेला असेल तर संच बोल्टाला अडतो. संच हातात असताना चाप ओढून घोडा मोकळा आपटू देणे वाईट. त्याला अडवायला समोर काहीच नसल्याने तो संचाच्याच चौकटीवर आदळतो. बहुतेक बंदुकांत बोल्ट आधी आणि संच नंतर जातो, काहींत क्रम वेगळा असतो. उघडतानाचे फोटो इथे उपयोगी पडतात. संच आधी मागच्या किंवा पुढच्या ओठावर टेकवून मग वर दाबायचा, भोके समोरासमोर आली की पिना बोटाच्या दाबाने आत जातात. हातोडी लागली तर भोके समोरासमोर नाहीत.

वायूवर चालणाऱ्या बंदुकीत पिस्टन आणि त्याची कडी मॅगझिनच्या नळीवर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने बसतात यावर सगळे अवलंबून आहे. रेमिंग्टन 1100 मध्ये पिस्टन आणि त्याचे सील ही दोन पोलादी कडी असतात. दोन्हींची एक कड तिरपी कापलेली असते आणि ती कुठल्या बाजूला यावी हे त्या बंदुकीच्या पुस्तिकेतल्या आकृतीतच पाहावे, अंदाज करू नये. त्यांच्या पुढे मॅगझिनच्या नळीवर एक खाच असते आणि त्या खाचेत काळे रबरी कडे बसते. हे कडे फाटले, कडक झाले किंवा जोडताना विसरले तर वायू पुढून निसटतो आणि बंदूक एकेक बार उडवून अडते. अख्ख्या बंदुकीतला हा सर्वांत स्वस्त भाग आहे, पण बंदूक मंद चालते या तक्रारीमागे बहुधा तोच असतो. नवे कडे जवळ बाळगावे आणि बसवताना बोटाला तेल लावून लोळवत न्यावे. चाकूच्या टोकाने ते कधीही ढकलू नये.

जुन्या घरातली बंदूक ऑटो-5 असेल तर कड्यांचा प्रश्न वेगळाच असतो आणि तो या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर आहे. मॅगझिनच्या नळीवर मोठी स्प्रिंग, एक पोलादी कडे आणि एक कांस्य-कडे असते. कांस्य-कडे नळीला ब्रेक लावते. जड काडतुसे वापरायची असतील तर स्प्रिंगच्या पुढे पोलादी कडे, त्याची खोलगट बाजू पुढे, आणि त्याच्या पुढे कांस्य-कडे. दोन्ही मिळून ब्रेक घट्ट आवळतात. हलकी काडतुसे असतील तर पोलादी कडे स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला टेकवून ठेवायचे, म्हणजे ब्रेक सैल होतो. तुकडे तेच, जागा वेगळी. हलक्या काडतुसांची मांडणी ठेवून जड काडतुसे वापरली तर प्रत्येक बाराला नळी आणि रिसीव्हर मागे जोरात आदळतात, आणि वर्षानुवर्षे असे झाले की लाकडी पकड आणि दस्ता तडकतात. जुन्या ऑटो-5 च्या लाकडाला तडा दिसला की आधी कडी पाहावीत. ब्राउनिंगनी सव्वाशे वर्षांपूर्वी काडतुसानुसार बंदूक जुळवण्याची सोय मालकाच्या हाती दिली; ती वापरायची तर जोडणारा माणूस जाणता हवा. हिची नळी बसवताना दस्ता जमिनीवर टेकवून नळी स्प्रिंगविरुद्ध खाली दाबावी लागते. तोंड नळीच्या समोर येऊ देऊ नये.

नळी, लाकडी पकड आणि टोपण हे काम मग सोपे राहते. नळीखालचे कडे मॅगझिनच्या नळीवर सरकते, नळीचे मागचे टोक रिसीव्हरमध्ये पूर्ण शिरते आणि मध्ये फट राहत नाही. फट राहिली तर टोपण आवळून ती बुजवायची नाही. नळी काढून पिस्टन किंवा बोल्ट कुठे अडला ते पाहायचे. टोपण हाताने घट्ट करावे, पक्कडीने नाही. सैल राहिले तर लाकडी पकड हलते, तडकते आणि बंदूक अनियमित चालते.

तेलाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. खोबरेल तेल बंदुकीत घालू नये. ते 24 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते आणि मराठवाड्यातल्या पौष-माघाच्या रात्री बोल्ट त्यात चिकटून बसतो. शिलाई मशीनचे तेल चालते, पण थेंबभरच. बोल्टाच्या सरकत्या कडा, डोक्याची आडवी पिन आणि चापाच्या संचाच्या पिना यांना पुसट थर पुरे. पिस्टनला आणि मॅगझिनच्या नळीच्या बाहेरच्या बाजूला जवळजवळ कोरडे ठेवावे, कारण तिथे तेल आणि बारूदाची काजळी मिळून कडक थर जमतो. काळ्या मातीची बारीक धूळही तेलाला धरते. शेतात वापरल्या जाणाऱ्या बंदुकीला म्हणून तेल कमी आणि पुसणे जास्त लागते.

जोडून झाल्यावर चाचणी रिकाम्या बंदुकीनेच करावी. आधी नळीतून प्रकाश पाहावा. सफाईची चिंधी आत राहिलेली असणे हा सर्वांत धोकादायक विसर आहे, कारण अडलेल्या नळीत बार उडाला तर नळी फाटते. मग बोल्ट मागे ओढावा, तो मागे अडतो का पाहावे, कळ दाबल्यावर पूर्ण पुढे जाऊन कुलूप लागते का ते पाहावे. सुरक्षा-कळ लावून चाप दाबल्यास घोडा पडता कामा नये, ती काढून चाप दाबल्यावर पडला पाहिजे. चाप दाबूनच धरून बोल्ट पुन्हा मागे-पुढे करावा आणि मग चाप सोडून पुन्हा ओढावा. घोडा याच ओढीला पडायला हवा, आधी नाही. बोल्ट पुढे येताना चाप दाबलेला असतानाही घोडा पडत असेल तर बंदूक एका ओढीत दोन बार टाकण्याची शक्यता असते. अशी बंदूक तशीच्या तशी परवानाधारक कारागिराकडे न्यावी. काडतूस भरून उचलणी तपासायची असेल तर प्लास्टिकची किंवा धातूची नकली काडतुसे वापरावीत, खरी कधीच नाहीत.

खऱ्या काडतुसाने पहिली चाचणी मोकळ्या, परवानगीच्या जागी, मॅगझिनमध्ये एकच काडतूस ठेवून करावी. पुण्याच्या खडकीतल्या, 1869 मध्ये सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यातली बारा बोरची काडतुसे देशभर वापरली जातात. काडतुसाची लांबी नळीवर कोरलेल्या घराच्या लांबीपेक्षा जास्त नसावी. 70 मिलिमीटरच्या घरात 76 चे काडतूस शिरते, पण त्याचे उमललेले तोंड पुढच्या अरुंद भागात अडकून दाब धोक्याच्या पातळीला जातो. वीस बोरचे काडतूस तर बारा बोरच्या घरात पडून पुढे सरकते आणि नळीत अडकते. मागून बारा बोरचे काडतूस भरले तर दोन्ही एकत्र फुटतात. याच कारणासाठी वीस बोरची काडतुसे पिवळ्या रंगात बनवण्याची प्रथा आहे. पहिला बार उडून रिकामे काडतूस मोकळे बाहेर पडले, दुसऱ्या वेळी दोन भरले आणि दोन्ही बार न अडता झाले, म्हणजे जोडणी बरोबर झाली.

त्यानंतर नळी गरम असतानाच आतून पुसून घ्यावी, बोल्ट पुढे करून, घोडा नकली काडतुसावर उतरवून, बंदूक कापडी खोळीऐवजी कुलूपबंद कोरड्या कपाटात ठेवावी. खोळ ओल शोषते आणि लोखंडाला लावून धरते. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत.